आयपी ॲड्रेस म्हणजे माणूस नव्हे

'आबमानुंग' हा शब्द जर्मन भाषेच्या वर्गात कुणी शिकवत नाही, तो पोस्टाने येतो. जाडजूड लिफाफा, आत कुठल्या तरी वकिलांच्या लेटरहेडवर बरीच पानं. त्यात तुमचं नाव, घराचा पत्ता, एका सिनेमाचं नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि आकड्यांची एक ओळ, म्हणजे आयपी ॲड्रेस. सगळ्याचा अर्थ एवढाच की अमुक वेळी तुमच्या कनेक्शनवरून हा सिनेमा टॉरेंटने इतरांना वाटला गेला. पुन्हा असं होणार नाही हे लिहून द्या आणि इतके शे युरो भरा. मुदत थोड्याच दिवसांची.

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या मुलांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, निदान एकाला तरी हे पत्र आलेलं असतं. माझं संशोधन संगणकांच्या जाळ्यांवरच्या मोजमापाचं आहे. कुठला डेटा कुठून कुठे गेला हे बाहेर बसून कितपत खात्रीने सांगता येतं, हा त्यातला मुख्य प्रश्न. त्यामुळे अशा पत्रांचे फोटो माझ्याकडे येतात: "ताई, जरा बघता का? व्हिसाचं काही होणार नाही ना?" मी वकील नाही, हे आधी सांगते. हा पैशांचा दिवाणी दावा आहे, फौजदारी गुन्हा नोंदवल्याची नोटीस नव्हे, हेही सांगते. पण तोवर अर्ध्या मुलांनी पैसे भरलेले असतात. परक्या देशात, परक्या भाषेत, कायद्याचं नाव घेऊन आलेल्या कागदापुढे आपण फार लवकर खिशात हात घालतो.

रक्कम किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. पण माझं नाव आणि पत्ता या लोकांना दिला कुणी, हे कुणीच विचारत नाही.

दिला तो तुमच्या इंटरनेट कंपनीने, कोर्टाच्या परवानगीने. 2008 पासून जर्मन कॉपीराइट कायद्यात कलम 101 प्रमाणे हक्कधारकाला ही माहिती मागता येते. टॉरेंटवर पाळत ठेवणारी कंपनी आयपी ॲड्रेसची यादी बनवते, वकील ती कोर्टापुढे ठेवतात, कोर्ट आदेश देतं आणि इंटरनेट कंपनी आकड्यांसमोर नावं लिहून देते. कागदावर न्यायाधीश आहे, म्हणजे सगळं रीतसर. पण एका अर्जात आयपी ॲड्रेसची भलीमोठी यादी असू शकते, आणि ज्याचं नाव उघड होणार त्याला आधी कुणी विचारत नाही. तुमचा पत्ता तुमच्या अपरोक्ष दिला जातो आणि तुम्हाला कळतं ते पत्र आल्यावर.

2013 च्या डिसेंबरात याचा जो तमाशा झाला तो इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. हजारो घरांत एकाच वेळी अशी पत्रं गेली. एका प्रौढांच्या व्हिडिओ-साइटवर तुम्ही अमुक क्लिप पाहिलीत, 250 युरो भरा. लोकांनी काही डाउनलोड केलं नव्हतं, वाटलं नव्हतं, फक्त स्ट्रीमिंग पाहिल्याचा आरोप होता. कोलोनच्या न्यायालयापुढचे अर्ज मात्र असे लिहिले होते की वाचणाऱ्याला वाटावं, हा टॉरेंटसारख्या फाइल-वाटपाचाच मामला आहे. त्याच न्यायालयाच्या काही खंडपीठांनी ते नाकारले, काहींनी मंजूर केले. जानेवारी 2014 मध्ये न्यायालयाने कबूल केलं की असा आदेश द्यायलाच नको होता. तोवर नावं बाहेर पडली होती, पत्रं घरी पोचली होती, कुणाच्या बायकोने किंवा सासूने ती उघडली होती आणि कित्येकांनी पैसेही भरले होते. न्यायालयाला आदेश मागे घेता येतो, उघड झालेलं नाव कसं मागे घेणार?

इंग्लंडमधल्या वाचकांना एसीएस लॉ हे नाव आठवेल. 2010 मध्ये या वकील-कंपनीच्या सर्व्हरवरून तिचे ईमेल बाहेर पडले. त्यांत स्काय ब्रॉडबँडच्या पाच हजारांवर ग्राहकांची नावं आणि पत्ते होते, आणि प्रत्येकावर कुठली अश्लील फिल्म उतरवल्याचा संशय आहे तेही. संशय, बरं का, सिद्ध काहीच नाही. माहिती-आयुक्तांनी दंड केला तो 1,000 पौंडांचा, कारण कंपनी तोवर बंद पडली होती आणि मालकाची ऐपत नव्हती. "मी काही केलेलं नाही, मग मला कसली भीती?" असं म्हणणाऱ्या काकांना मी ही यादी आठवायला सांगते. तिच्यात नाव यायला तुम्ही काही करावं लागत नव्हतं. कनेक्शन तुमच्या नावावर असलं की पुरे.

आता माझ्या विषयाकडे येते. आयपी ॲड्रेस हा माणूस नव्हे. तो फार तर राउटरचा पत्ता, आणि तोही नेहमी नाही. ॲड्रेस अपुरे पडतात म्हणून कित्येक कंपन्या एकाच सार्वजनिक ॲड्रेसमागे अनेक ग्राहक बसवतात. तिथे पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ हाताशी नसेल तर बोट भलत्याच दारावर जातं. 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरेंटवरच्या पाळतीला दुसऱ्याचा आयपी ॲड्रेस सहज चिकटवता येतो. त्यांच्या विद्यापीठातल्या प्रिंटरांच्या नावाने चित्रपट वाटल्याच्या नोटिसा आल्या. प्रिंटर बिचारा सिनेमा काय बघणार! पाळत ठेवणाऱ्याने समोरच्या संगणकाशी थेट जोडणी करून फाइलचा तुकडा मागितला तर ही चूक टळते, हे खरं. पण तशी जोडणी केली होती का, घड्याळ कुणी तपासलं होतं, नोंद कुणी पडताळली, हे सामान्य माणसाने त्या पत्रावरून कसं ओळखायचं? मी माझ्या शोधनिबंधात मोजमापाची पद्धत न सांगता आकडा छापला तर तो पहिल्या फेरीत परत येईल. इथे त्याच प्रतीच्या आकड्यावर लोकांचे पगार कापले जातात.

बरं, राउटर बरोबर सापडला तरी त्यामागे कोण होतं? आपल्याकडे चार मुलं एक फ्लॅट घेतात, कनेक्शन ज्याला जर्मन येतं त्याच्या नावावर, पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला, शिवाय महिनाभर कुणाचा तरी मावसभाऊ सोफ्यावर. दुसऱ्यांना वायफाय दिल्याबद्दलची जबाबदारी 2017 च्या दुरुस्तीने बरीच हलकी केली, पण कनेक्शनधारकाने आणखी कोण ते वापरू शकत होतं हे सांगावं, ही अपेक्षा तशीच राहिली. त्याच वर्षी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे एका घराचा खटला आला. रिहानाचा एक अल्बम तीन मुलांपैकी एकाने वाटला होता. कुणी ते आईवडिलांना ठाऊक होतं, पण त्यांनी नाव सांगायला नकार दिला. न्यायालयाने म्हटलं, ठाऊक असताना सांगत नसाल तर तुम्हीच भरा. सुमारे साडेतीन हजार युरो. एका अल्बमसाठी कायदा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला आणि आईवडिलांना म्हणाला, पोराचं नाव सांगा.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे चोरीला मोकळीक द्यायची का? मुळीच नाही. मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात फुकट फिरायला लागला की निर्मात्याचं कंबरडं मोडतं, आणि पुण्याच्या प्रकाशकाने वर्षभर खपून काढलेलं पुस्तक पीडीएफ होऊन आपल्याच मंडळाच्या ग्रुपवर 'वाचनीय' म्हणून येतं, तेव्हा ते पाठवणाऱ्याला मी तोंडावर बोलते. निर्माता, लेखक, संगीतकार यांना हक्क बजावायचा पूर्ण अधिकार आहे. माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये टेलिग्रामला काही चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली. एका क्लासच्या शिक्षिकेची पुस्तकं आणि व्हिडिओ तिथे बिनदिक्कत वाटले जात होते. त्या आदेशातल्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण निदान बोट वाटणाऱ्यावर होतं, बघणाऱ्या हजारोंवर नाही. अमेरिकेतही हा वाद चालूच आहे. 2018 मध्ये वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी अशाच एका प्रौढ-चित्रपट कंपनीला निव्वळ आयपी ॲड्रेसवरून ग्राहकाचं नाव द्यायला नकार दिला, आणि 2020 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला.

युरोपात मला खरी भीती वाटते ती पुढच्या पायरीची. माद्रिद आणि लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर, 2006 मध्ये, सगळ्या नागरिकांच्या फोन आणि इंटरनेटच्या नोंदी साठवून ठेवा असा युरोपीय नियम झाला. कारण दहशतवाद. 2014 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो रद्द केला. सगळ्यांवर सरसकट पाळत चालणार नाही, अपवाद गंभीर गुन्ह्यांपुरता, असा त्यानंतरच्या निकालांचा सूर होता. मग 30 एप्रिल 2024 ला त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फ्रान्सच्या 'हादोपी' प्रकरणात सांगितलं की काही अटी पाळल्या तर आयपी ॲड्रेस सरसकट साठवता येतील, आणि कॉपीराइटभंगासारख्या किरकोळ गोष्टीसाठीही त्यांवरून नाव काढता येईल. हादोपी ही गाणी-सिनेमे वाटणाऱ्यांना इशारे पाठवायला 2009 मध्ये कायद्याने नेमलेली यंत्रणा होती. इशाऱ्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांवर तिला नाव मागायला न्यायाधीशाची पूर्वपरवानगीही लागत नसे. बॉम्ब शोधायला म्हणून मागितलेलं हत्यार अठरा वर्षांत सिनेमाच्या तिकिटाच्या वसुलीला चालेल, असं ठरलं.

जर्मनीत 2025 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीच्या करारात आयपी ॲड्रेस तीन महिने साठवण्याची सक्ती लिहिलेली आहे. आज मोठ्या कंपन्या ते आठवडाभरच ठेवतात. बालकांवरचे अत्याचार रोखायला ही सक्ती हवी, असं मंत्री सांगतात, आणि त्या हेतूबद्दल माझा वाद नाही. पण नोंद एकदा साठली की तिच्यावर पहिला हात कुणाचा पडतो, ते आपण पाहिलंय. म्हणून कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. साठवलेली नोंद खाजगी पैशांच्या दाव्याला मिळणार नाही. नाव देण्याआधी ग्राहकाला कळवलं जाईल आणि त्याचं म्हणणं ऐकलं जाईल. आणि पाळत ठेवणाऱ्या कंपनीची पद्धत त्रयस्थाकडून तपासली जाईल, चुकीची मागणी केली तर भरपाई तिने द्यायची.

तुमच्यापैकी जे जर्मन नागरिक झालेत त्यांनी आपल्या खासदाराला हे लिहावं. आपली गणेशोत्सवाची परवानगी मिळवायला आपण नगरपालिकेला चार-चार पत्रं लिहितो, इथे एक पुरेल. आणि ज्यांच्या हातात आत्ता तो लिफाफा आहे त्यांनी पत्र कचऱ्यात टाकू नये, घाबरून पैसेही भरू नयेत. मुदतीची तारीख पाहावी. सोबत जोडलेल्या हमीपत्रावर आहे तशी सही करू नये, कारण ते तुम्हाला वर्षानुवर्षं बांधून ठेवतं आणि मोडल्यास दंड वेगळा. फ्लॅटमधल्या सगळ्यांना एकत्र बसवून खरं काय ते विचारावं, आणि तो कागद घेऊन आधी शहरातल्या ग्राहक-सल्ला केंद्रात किंवा विद्यार्थ्यांच्या कायदेशीर मदतकक्षात जावं.