पाचशे पौंडांचे आकाश

१९३० सालच्या मे महिन्यात इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर विमानतळावर दोन भारतीय तरुणांची गाठ पडली. एक कराचीहून इंग्लंडकडे निघालेला, दुसरा इंग्लंडहून कराचीकडे. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच पारितोषिक होते. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर विमानाच्या स्पार्क प्लगअभावी तेथे अडकून पडला होता. पंचविशीतले जे. आर. डी. टाटा यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केले. अस्पी ११ मे रोजी कराचीस उतरला आणि पारितोषिक त्याचे झाले; टाटांची बाजी थोडक्यात हुकली. खिलाडूपणाचा आदर्श म्हणून ही कथा आजवर अनेकदा सांगितली गेली आहे आणि ती सांगण्याजोगी आहेच. परंतु हे दोन तरुण त्या वाळवंटी विमानतळापर्यंत पोचले कसे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर व्यक्तींच्या धाडसात जेवढे आहे, तेवढेच एका संस्थेतही आहे. ती संस्था म्हणजे फ्लाइंग क्लब.

१९२५ साली ब्रिटनमध्ये द हॅविलंड कंपनीचे ‘मॉथ’ हे दोन आसनी हलके विमान तयार झाले आणि त्याच वर्षी तेथील सरकारने अशी विमाने वापरणाऱ्या क्लबांना अर्थसाहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले. सैनिकाच्या हातातील विमान त्यामुळे प्रथमच नागरिकाच्या हाती आले. तोच नमुना भारतात उचलला गेला. १९२७ साली ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली आणि पाठोपाठ दिल्ली, कराची, मुंबई व बंगाल येथे क्लब उभे राहिले. मुंबईच्या क्लबाने जुहूच्या मैदानावर आपले बस्तान मांडले. तेथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्या मध्यवर्ती संस्थेचा वैमानिक-परवाना मिळाला. त्यावरील क्रमांक होता एक.

त्या विमानांचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज त्या काळच्या स्पर्धांचे मर्म कळणार नाही. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, उघडी बैठक आणि सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच काय तो सरंजाम. बिनतारी यंत्र नाही, हवामानाची भरवशाची वार्ता नाही. होकायंत्र, मांडीवरचा नकाशा आणि खाली दिसणारी नदी किंवा आगगाडीचा रूळ हेच वाटाडे. क्लबांच्या मेळाव्यांतील खेळ वरवर गमतीचे वाटत. आखलेल्या रेषेवर विमान उतरवणे, हवेत सोडलेला फुगा फोडणे, जमिनीवरील खुणेवर पिठाची पिशवी टाकणे असे त्यांचे प्रकार असत. शर्यतीत मंद विमानाला आधी आणि वेगवान विमानाला नंतर सोडण्याची पद्धत होती, म्हणजे विजय महागड्या यंत्राचा नव्हे, तर वैमानिकाच्या हिशेबी बुद्धीचा ठरे. खेळाच्या मिषाने अंतराचा अंदाज, वाऱ्याची पारख, इंधनाचा हिशेब आणि ऐनवेळचा विवेक यांचीच परीक्षा घेतली जात होती.

याच वातावरणात आगाखानांनी १९२९च्या अखेरीस पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. अटी मोजक्या होत्या. वैमानिक भारतीय असावा. त्याने एकट्याने उड्डाण करावे. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास निघाल्यापासून एका महिन्यात पुरा करावा. भारतीय माणूस यंत्र हाकू शकेल पण आकाशातील एकाकी जबाबदारी पेलू शकणार नाही, असा समज राज्यकर्त्यांच्या वर्तुळात प्रचलित असलेला तो काळ होता. मनमोहन सिंग या तरुणाने आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले, तेव्हा एका विलायती संपादकाने ‘मिस’ या शब्दावर कोटी करून हा गृहस्थ इंडियाला नक्की चुकणार, असा टोमणा मारला होता. मनमोहन सिंग अनेक अडथळ्यांनंतर एकट्याने कराचीस पोचले. महिन्याची मुदत मात्र थोडक्यात हुकली. पारितोषिक गेले, पण टोमण्याचे उत्तर दिले गेले.

पाचशे पौंडांतून काय निघाले, याचा हिशेब आता मांडता येतो. हरलेल्या टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि त्या लहानशा विमानसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. जिंकलेला अस्पी १९६० ते १९६४ या काळात स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख होता. मनमोहन सिंग यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात प्राण ठेवला. एका लहानशा स्पर्धेने राष्ट्राला एवढे द्यावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

अर्थात त्या क्लबांना सुवर्णयुगाचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्यांचे सभासदत्व साहेब, संस्थानिक आणि सधन घराण्यांपलीकडे फारसे गेले नाही. १९३६ साली लाहोरच्या क्लबात शिकून एकटीने विमान चालवणाऱ्या सरला ठकराल यांच्यासारख्या स्त्रीचे उदाहरण अपवादच ठरले. आणि त्यांचीही व्यावसायिक परवान्याची वाट महायुद्धाने नागरी प्रशिक्षण थांबवल्यामुळे बंद झाली. मात्र दोष क्लबाच्या कल्पनेत नव्हता, दाराच्या अरुंदपणात होता. स्वातंत्र्यानंतर ते दार रुंद व्हायला हवे होते. झाले ते निराळेच.

आज क्लब हा शब्द पाटीवर उरला आहे. आत चालतो तो बहुतांशी परवान्याचा वर्ग. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांच्या उड्डाणाची अट आहे. विद्यार्थी लाखो रुपये मोजून ते तास पुरे करतो आणि विमान कंपनीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. अनेकांना त्यासाठी परदेश गाठावा लागतो. मुंबईच्या क्लबाचे प्रशिक्षण आता धुळ्यात चालते. नागपूरच्या शासकीय क्लबातील शिक्षण मधली काही वर्षे ठप्पच होते. देशात विमाने वाढली, प्रवासी वाढले, पण उड्डाणाची हौस असलेला शिक्षक, डॉक्टर वा कारागीर क्लबाच्या मैदानावर दिसत नाही. ज्या घरात कर्ज काढण्याची ऐपत नाही, त्या घरातील मुलाने आकाशाकडे पाहू नये, अशीच ही व्यवस्था सांगते.

यावर उपाय खर्चिकच असला पाहिजे असे नाही. पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. इंजिनावाचूनचे विमान हा उड्डाणविद्येचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कसोटीचा धडा होय. अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांतील पडून राहिलेल्या धावपट्ट्यांवर निघू शकतील. विमान कंपन्यांना वैमानिक हवे आहेत. मग गुणवंत पण निर्धन विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचा भार त्यांनी उचलणे न्याय्य ठरेल. आणि शासनाने वा उद्योगपतींनी वर्षातून एकदा अचूक दिशाशोधन आणि अचूक अवतरण यांची खुली स्पर्धा ठेवावी. स्पर्धा म्हणजे अपघाताला आमंत्रण, हा आक्षेप घेतला जाईल. वेगाच्या शर्यतीला तो लागू पडेलही. परंतु ठरल्या वेळी, ठरल्या खुणेवर विमान आणण्याची स्पर्धा ही शिस्तीचीच परीक्षा आहे. तास भरणारा विद्यार्थी आणि कौशल्य मुरलेला वैमानिक यांतील भेद अशाच परीक्षेत उघड होतो.

गरीब देशाला ही चैन परवडेल काय, असाही प्रश्न येईल. १९३० सालचा भारत आजच्याहून गरीब होता, शिवाय परतंत्र होता. तरीही एका पारितोषिकाने आणि काही क्लबांनी त्याचे तरुण समुद्र व वाळवंट ओलांडून नेले. अबूकीरला टाटांनी दिले ते केवळ स्पार्क प्लग नव्हते. आपल्याला हरवू शकणाऱ्यालाही उडू द्यावे, ही त्यांमागची वृत्ती होती. ज्यांना आकाश लाभले त्यांनी पुढच्यांसाठी एवढे केले, तरी त्या पाचशे पौंडांचे ऋण फिटेल.