तपासणीला मे महिन्यात या

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे मेडिकल आहे. मे महिन्यात इथे पारा 46-47 अंशांवर जातो आणि ऐन दुपारी वीज जाते. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटांवर '30 अंशांखाली ठेवा' असे छापलेले असते. लायसन्ससाठी किमान 10 चौरस मीटर जागा लागते. तेवढ्याच गाळ्यावर पत्र्याचे छप्पर असेल, तर त्या छापील ओळीला उन्हाळाभर काही अर्थ उरत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इन्सुलिनची. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. छोट्या दुकानात फ्रिज असतो तो घरगुती. दारात ठेवलेल्या बाटलीला दर उघडझापीला गरम हवा लागते, बर्फाच्या कप्प्याला टेकलेली गोठते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते, आणि बिघाड नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. पेशंट वेळेवर इंजेक्शन घेतो, पथ्य पाळतो, तरी साखर उतरत नाही. मग डोस वाढतो. दुकानातल्या फ्रिजवर संशय कोणालाच येत नाही. कुत्रा चावल्यावरच्या लसीलाही हेच तापमान लागते. ती लस निकामी निघाली तर माणूस जाऊ शकतो.

आमच्या धंद्यातले दुखणेही लपवत नाही. काही दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते, माणूस मात्र दुसऱ्याच गावात. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे, असा नियम 1945 च्या औषध नियमावलीत आहे. काउंटरवरच्या पोराला राबायची हौस असते, पण पार्सल फोडल्यावर कोणता खोका आधी फ्रिजमध्ये जायचा, हे त्याला शिकवणार कोण? प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी, असे मी स्वतः फार्मासिस्ट असूनच म्हणतो.

शेड्यूल एच-1 च्या औषधांची नोंदवही आम्ही तीन वर्षे जपून ठेवतो. तशीच तापमानाची वही सक्तीची करा: फ्रिजमध्ये थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ नोंद, वीज गेल्याची वेळ. थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. इन्व्हर्टर मात्र छोट्या दुकानदाराला जड जातो. भावनियंत्रणातल्या औषधांवर आमच्या हाती 16 टक्के येतात, त्यातच भाडे, पगार आणि विजेचे बिल. इन्व्हर्टरसाठी शासनाने स्वस्त कर्जाची सोय करावी.

आणि औषध निरीक्षकांना येत्या मे महिन्यात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान विदर्भातल्या दुकानांत पाठवा. त्यांनी आधी फ्रिज उघडावा, कागद नंतर बघावेत. सुरुवात माझ्या दुकानापासून केलीत तरी चालेल.

आपला नम्र,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट