व्हिक्टोरिया स्ट्रीट : वारसा कोणाचा?

सिडनी शहरात वूलूमूलूच्या सखल वस्तीवर जो कडा उभा आहे, त्याच्या माथ्यावरून व्हिक्टोरिया स्ट्रीट जातो. भिंतीस भिंत लावून उभी असलेली एकोणिसाव्या शतकातील घरे, सज्जांना ओतीव लोखंडाची नाजूक जाळी, दुतर्फा गर्द झाडी. आज हा रस्ता वारसा म्हणून जपला जातो आणि त्या जाळीदार सज्जांपायी घरांची किंमत चढते. १९७३ साली मात्र या जाळीची किंमत भंगाराइतकीच होती. तेव्हा ही घरे कोणी वाचविली आणि वाचविणाऱ्यांच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडल्याविना जतनाचे कौतुक करणे म्हणजे लुटीच्या मालावर कुंकू लावणे होय.

त्या काळी या घरांतील खोल्या स्वस्त भाड्याने मिळत. खलाशी, गोदी कामगार, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, हातावर पोट असलेले कलावंत तेथे राहत. एका विकासकाने घरांची रांगच्या रांग विकत घेतली आणि तेथे उत्तुंग मनोरे उभारण्याचा बेत केला. एप्रिल १९७३ मध्ये सुमारे ४०० भाडेकरूंवर घर सोडण्याची पाळी आली. रहिवाशांच्या एका पुढाऱ्याचे अपहरण झाले. मिक फाउलर हा खलाशी सफरीवरून परतला, तो त्याच्या घरास कुलूप. बांधकाम मजूर व खलाशी यांनी मिळून त्याला पुन्हा घरात नेऊन बसविले. जानेवारी १९७४ मध्ये रिकाम्या घरांत ठाण मांडून बसलेल्या लोकांना पोलिसांनी बळाने बाहेर काढले. ‘नाउ’ हे स्थानिक पत्र चालवून या लढ्याची बाजू मांडणाऱ्या ज्वानिटा नील्सन ४ जुलै १९७५ रोजी नाहीशा झाल्या. त्यांचा खून झाला असावा, असे १९८३ च्या चौकशीत ठरले. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही.

मनोरे अडले ते न्यू साउथ वेल्सच्या बांधकाम मजूर संघटनेच्या ‘हरित बंदी’मुळे. जॅक मंडी, जो ओवेन्स, बॉब प्रिंगल यांच्या नेतृत्वाखालील या संघटनेने १९७१ पासून असा पायंडा पाडला, की रहिवाशांनी सभा घेऊन मागणी केली तर ते पाडकाम कोणताही सभासद करणार नाही. मंडी हे कम्युनिस्ट. मजुराने केवळ मजुरीचा दर मागावयाचा की आपल्या श्रमातून काय उभे राहते यावरही बोलावयाचे, हा प्रश्न त्यांनी सभासदांपुढे ठेवला. सभासदांनी मजुरी बुडवून त्याचे उत्तर दिले. त्या राज्यात वारसा-संरक्षणाचा कायदा झाला तो १९७७ साली. कायद्यास सुचण्यापूर्वी सहा वर्षे हे काम पहार खाली ठेवणाऱ्या हातांनी केले होते! आणि या शाखेवर अखेरचा घाव घातला तो केवळ मालकांनी नव्हे. १९७४-७५ मध्ये संघटनेच्या केंद्रीय नेतृत्वाने, तेही स्वतःस कडवे क्रांतिकारक म्हणविणाऱ्या नेतृत्वाने, शाखा ताब्यात घेऊन मंडी व त्यांच्या सहकाऱ्यांना हाकलले. डाव्या चळवळीच्या इतिहासात असली पाने थोडी नाहीत. ती फाडून टाकण्यात अर्थ नाही.

व्हिक्टोरिया स्ट्रीटवर शेवटी तडजोड झाली. दर्शनी घरे राहिली, भाडेकरू मात्र विखुरले. रस्ता वाचला आणि वस्ती गेली. घरे जुनी राहिली म्हणून घरमालक बदलत नाही आणि जमिनीचा भाव थांबत नाही, हे येथे प्रथम दिसले. पुढे मिलर्स पॉइंटला ते सरकारनेच करून दाखविले.

बंदराच्या काठावरील मिलर्स पॉइंट १९०० सालच्या प्लेगनंतर सरकारने ताब्यात घेतले. पिढ्यान् पिढ्या तेथे गोदीवर राबणारी कुटुंबे सरकारी भाड्याने राहिली. मार्च २०१४ मध्ये राज्य सरकारने तेथील व शेजारची मिळून २९३ घरे विकण्याचे जाहीर केले. कारण काय? घरे वारशाची, त्यांची दुरुस्ती फार महाग! पैशातून अन्यत्र अधिक सरकारी घरे बांधू, असेही सांगण्यात आले. गरिबास घर हवे ना, मग ते बंदर दिसते तेथेच कशाला, असा हा युक्तिवाद होता.

या विक्रीतच ‘सिरियस’ ही ७९ सदनिकांची इमारत होती. रॉक्स भागातील हरित बंदीचे फळ म्हणून सामान्य रहिवाशांसाठी ती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बांधण्यात आली. वारसा परिषदेने तिला संरक्षण देण्याची शिफारस केली. २०१६ साली मंत्र्यांनी ती फेटाळली. संरक्षण दिल्यास विक्रीची किंमत कोट्यवधी डॉलरनी घटेल, हे एक कारण देण्यात आले. २०१७ साली न्यायालयाने तो निर्णय अवैध ठरविला, तरी सरकारने पुन्हा नकारच दिला आणि २०१९ मध्ये १५ कोटी डॉलरना इमारत विकली. म्हणजे भाडेकरूस घालवावयाचे तेव्हा घर वारशाचे म्हणून परवडत नाही. आणि विकावयाचे तेव्हा तेच वारसापण भाव पाडते म्हणून नको! सरकारचे वारसाप्रेम मापण्यास याहून नेमका तराजू कोणता?

आपल्यातील काही जण म्हणतील, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घरांशी कष्टकऱ्यांना काय कर्तव्य? या घरांच्या विटा कष्टकऱ्यांनीच रचल्या आणि ज्या वर्षांत धनिकांनी उपनगरे गाठून ती टाकून दिली त्या वर्षांत त्यांनीच ती नांदती ठेवली. तज्ज्ञ आणि दलाल पुढे आले ते नंतर.

घर आणि माणूस दोन्ही राखता येत नाहीत, हेही खोटे आहे. १९७४ साली व्हिटलम सरकारने, टॉम युरेन मंत्री असताना, सिडनीतीलच ग्लीब भागातील सुमारे ७०० जुनी घरे चर्चकडून विकत घेतली, दुरुस्त केली आणि स्वस्त भाड्याने दिली. १९७५ साली वूलूमूलूसाठी केंद्र, राज्य व नगरपालिका यांचा करार झाला. बंदीच्या बळावर तेथील जमीन मुख्यत्वे सरकारी घरांसाठी राखली गेली. व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कड्यावरून पायऱ्या उतरले की ती घरे लागतात. त्यांत आजही सरकारी भाडेकरू राहतात.