रोहिणी, पूर्णा आणि पाण्याचा न्याय

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे. (म्हैस नदीला काहीजण महेश म्हणतात; नाव देखणे झाले, नदी नाही.) मन पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी अरबी समुद्राला. नकाशावर हा प्रवास सरळ दिसतो. शासनाच्या दप्तरात मात्र तो तुकड्यांत विभागला आहे. धरण जलसंपदा विभागाचे, नळयोजना पाणीपुरवठा विभागाची, लहान बंधारा मृद व जलसंधारण विभागाचा, विहिरीखालचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे आणि नदीतली घाण प्रदूषण नियंत्रण मंडळाची. नदी एक आणि तिचे कारभारी पाच!

या तुकडेबंद कारभाराची खरी किंमत खारपाणपट्टा मोजतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांना सुमारे ९०० गावे अशी आहेत की जिथे विहीर खोदली तर खारे पाणी लागते. ते पिऊन तहान भागत नाही, त्यात डाळ शिजत नाही आणि ते सिंचनाला वापरले तर काळी जमीन सोडियममुळे चिकट होऊन निचरा बंद करते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यात वर्षानुवर्षे ऐकू येतात. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलामुलींची गावे याच पट्ट्यातील आहेत. सुट्टीहून परतल्यावर ती प्रथम पाण्याच्या चवीविषयी बोलतात, हे येथील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

अकोला-बाळापूर परिसरातील ६९ गावांना गोडे पाणी देण्यासाठी तेल्हारा तालुक्यातील वान प्रकल्पातून योजना मंजूर झाली. तेल्हारा-अकोट भागातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, कारण त्या जलाशयावर अकोट, तेल्हारा, शेगाव या शहरांचा भार आधीच आहे आणि उरलेल्या पाण्यावर त्यांचे सिंचन चालते. योजनेला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये खारपाणपट्ट्यातील लोक खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले आणि नागपूरच्या वेशीवर त्यांना अडवण्यात आले. त्याच्या आदल्याच महिन्यात, २२ ते २४ मार्च या काळात, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद भरली होती. १९७७ च्या मार देल प्लाता परिषदेनंतर गोड्या पाण्यावर जगाने इतक्या मोठ्या पातळीवर प्रथमच विचार केला. त्या दालनातील शब्द आणि आपल्या रस्त्यावरील पावले यांची कुठे गाठ पडत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जगाने मांडलेला विचार चुकीचा नाही. १९९२ च्या डब्लिन परिषदेने सांगितले की गोडे पाणी मर्यादित आहे, त्याच्या नियोजनात वापरकर्त्यांचा सहभाग हवा आणि पाणी भरण्याचे ओझे वाहणाऱ्या स्त्रीला निर्णयातही स्थान हवे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याच्या पाण्याला मानवी हक्क म्हटले. २०३० पर्यंत सर्व देशांनी एकात्मिक जलव्यवस्थापन अमलात आणावे, असे शाश्वत विकासाच्या सहाव्या ध्येयात नमूद आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे फारसे आढळत नाही. दामोदर नदीच्या १९४३ च्या महापुरानंतर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करण्याची भूमिका मांडली. नदी प्रांताच्या सीमेवर तोडायची नाही, खोरे हाच नियोजनाचा घटक मानायचा, हे त्या धोरणाचे सूत्र होते. डब्लिनच्या ४७ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पुढे दामोदर खोऱ्यात मूळ आराखड्यातील सर्व धरणे झाली नाहीत आणि जी झाली त्यांत आदिवासींची गावे बुडाली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. खोऱ्याचा विचार स्वीकारला गेला, खोऱ्यातील माणसाचा मात्र राहून गेला.

तो माणूस बाबासाहेबांच्या विचारात १९२७ पासून होता. महाडची नोंद आपण २० मार्चच्या अभिवादनापुरती ठेवतो. तिचा कालक्रम पाहत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला १९२४ मध्ये. प्रत्यक्ष ओंजळ भरली १९२७ मध्ये, त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव फिरवला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १९३७ मध्ये. कागदावरचा हक्क ओंजळीत येण्यास किती संघर्ष लागतो, याचे याहून चोख उदाहरण नाही.

महाराष्ट्राचेही कागद उत्तम आहेत. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत खोरेनिहाय नियोजनाचा शब्द आहे. अर्थात त्याच नीतीत उद्योगाचा क्रम शेतीच्या वर होता आणि तो बदलायला २०११ उजाडले. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा, असे दोन कायदे झाले. या दुसऱ्या कायद्यातील पाणी वापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशी जोडलेले आहे. ज्याच्या नावे लाभक्षेत्रात जमीन नाही किंवा जो ती कसत नाही, त्याला तेथे मत नाही. म्हणजे भूमिहीन मजूर बाहेर, आणि सातबारावर नाव नसलेल्या बहुसंख्य स्त्रियाही बाहेर. वऱ्हाडात भूमिहीन कोण, हे सांगण्याची गरज नाही. मला हा तपशील धरणांच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

वानच्या वादात तेल्हाऱ्याचा शेतकरी खलनायक नाही आणि बाळापूरचा गावकरी याचक नाही. वान उत्तरेकडून पूर्णेला मिळते, मन दक्षिणेकडून. दोघेही एकाच खोऱ्याचे रहिवासी आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांचा तंटा सांगितला आहे. संघाच्या सभेत युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने सुचवले की शाक्यांनी दोन, कोलियांनी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली. आपल्याकडे मात्र ती मांडण्यासाठी अशी सभाच नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. पूर्णा खोऱ्यासाठी कायद्याने अधिकार असलेले एक मंडळ हवे. त्यात उगमाकडच्या आणि खारपाणाच्या गावांना समान जागा, भूमिहीनांना व स्त्रियांना मताचा अधिकार. जलाशयातील साठ्याचे आकडे दर पंधरवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. प्रथम पिण्याचे पाणी मोजून बाजूला काढावे आणि त्यापायी ज्यांचे सिंचन घटेल त्यांना ठिबक, शेततळे यांसाठी शासनाने खर्च द्यावा. वैनगंगा-नळगंगा नदीजोडाची चर्चा जोरात आहे. ते पाणी येईल तेव्हा येवो. त्याच्या वाटपाचा निवाडा कोण करणार, हे कालवा खोदण्याआधी ठरले पाहिजे.