बयाण्याआधीचा वकील

नागपूरच्या धरमपेठेत फ्लॅट बघायला निघालेलं कुटुंब चांगलंच चौकस असतं. गोकुळपेठ बाजार किती जवळ, शाळेची बस कुठे थांबते, पाणी किती वेळ येतं, पार्किंग छताखाली की उघड्यावर, सगळं दोन-दोनदा विचारून होतं. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हेही 2021 पासून बहुतेकांना ठाऊक आहे. वकिलाचं नाव मात्र सगळ्यात शेवटी निघतं, आणि तेही दलालाच्या तोंडून : 'आपले वकीलसाहेब आहेत ना, रजिस्ट्रीपर्यंत सगळं तेच करून देतात.' तोवर बयाणा देऊन झालेला असतो, कर्जाची फाईल बँकेत गेलेली असते आणि घरात पडद्यांचे रंग ठरत असतात.

त्या टप्प्यावर वकील तरी काय करणार? मसुद्यातली नावं, चतुःसीमा आणि आकडे तपासणार. घोळ निघालाच, तर अडकलेला बयाणा सोडवणार. म्हणून वकील बयाण्याच्या आधी धरावा आणि त्याची फी घेणाऱ्यानं स्वतः द्यावी. यातली दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची. ज्याची फी बिल्डर देतो, तो वकील बिल्डरचा. तो प्रामाणिक असेल, हुशारही असेल, पण विक्रीपत्रातली संदिग्ध ओळ कुणाच्या बाजूनं ठेवायची हा प्रश्न आला की त्याचा अशील कोण, हे आधीच ठरलेलं असतं.

'बँकेनं लोन पास केलं, म्हणजे कागद क्लिअर' ही एक लाडकी समजूत. बँकेच्या पॅनेलवरचा वकील अहवाल देतो तो बँकेला. बँकेला आपलं कर्ज वसूल होईल का, एवढंच पाहायचं असतं. त्यासाठी तिच्या हाती तुमचा पगार, सहकर्जदार आणि जामीनदार असतात. उद्या मालकीचा दावा उभा राहिला तर हप्ता थांबत नाही. दुसरी समजूत दुय्यम निबंधकाबद्दलची. सरकारी कचेरीत फोटो निघाला, अंगठा लागला, म्हणजे सरकारनं मालकी तपासली असं लोकांना वाटतं. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. मालकी सिद्ध न केल्यास नोंदणी नाकारू देणारा तमिळनाडूचा नियम सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये रद्द केला, आणि विक्रेत्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं कामच नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते काम घेणाऱ्याचं, म्हणजे पर्यायानं त्याच्या वकिलाचं.

आणि हे काम नागपुरात पुण्या-मुंबईसारखं नाही. हे शहर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. इथल्या जमिनीचे कायदे, शब्द आणि कचेऱ्या त्या वारशातून आल्या. नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्यानं जन्माला आली, महापालिकेच्या कितीतरी आधी. प्रन्यासनं आखलेले भूखंड बहुतांशी विकले गेले नाहीत, लीजवर दिले गेले. शेजारी नझूलच्या जमिनी : मालक सरकार, राहणारा पट्टेदार. त्यांच्या मध्ये कुठेतरी खासगी मालकीचे तुकडे. बाहेरून बघितलं तर तिन्ही बंगले सारखेच, फाटकावर तीच बोगनवेल. फरक कळतो तो कागदावर.

तो कागद म्हणजे आखीव पत्रिका. बाकीच्या महाराष्ट्रात मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तीच. त्यात लोक फक्त नाव बघतात : आजोबांचं, मग बाबांचं, मग भावांचं. खरी गोष्ट धारणाधिकाराच्या रकान्यात असते. तिथे मालक म्हणून प्रन्यास किंवा सरकार आणि घरातल्यांची नावं पट्टेदार म्हणून असतील, तर प्रश्नांची रांगच लागते. पट्ट्याची मुदत कधी संपली? नूतनीकरण झालं की राहूनच गेलं? भूभाटक कुठवर भरलं? हस्तांतरणाला परवानगी लागते का, आणि मागच्या विक्रीच्या वेळी ती घेतली होती का? निवासी पट्ट्यावर खाली दुकान काढलं असेल, तर शर्तभंगाचं काय? 2024 मध्ये राज्य सरकारनं नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल पट्ट्यांसाठी विशेष अभय योजना आणली, ती या रखडलेल्या पट्ट्यांचा ढीग बघूनच. विक्रेता म्हणतो, 'लीज तर रिन्यू होतेच हो.' होतेही. पण थकबाकी आणि दंड कोण भरणार, हे बयाणापत्रात लिहिलेलं नसेल तर ते ओझं सहसा घेणाऱ्याच्याच अंगावर येतं.

फ्लॅटचंही तसंच. मुंबईत सोसायटी आणि तिचं भागपत्र, तर नागपुरात जास्त करून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याची पद्धत : बिल्डर डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवतो आणि प्रत्येक फ्लॅटच्या विक्रीपत्रात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत येतो. जमीनच लीजची असेल तर तो हिस्साही लीजच्याच हक्काचा. मुंबईच्या मेव्हण्याचा सल्ला इथे चालत नाही, मग मेव्हणा कितीही मोठ्या फर्ममध्ये असो.

म्हणून वकील इथलाच हवा. मुंबईतल्यासारखी वेगळी परीक्षा दिलेल्या सॉलिसिटरांची परंपरा नागपुरात रुजलेली नाही. इथे हे काम दिवाणी बाजूचे वकीलच करतात. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि जिल्हा न्यायालय, वाटेत लॉ कॉलेज चौक, त्यामुळे धरमपेठेत वकिलांच्या पाट्यांना तोटा नाही. पण पाटीवर नाव आणि पदवी यापलीकडे फारसं काही नसतं, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. तेव्हा उरतो तोंडी सल्ला. तो विचारतानाही 'चांगला वकील कोण?' असं मोघम विचारून उपयोग नाही. जामिनासाठी नावाजलेला माणूस सिटी सर्व्हेच्या कचेरीत वर्षानुवर्षं फिरकलेला नसतो. 'तुमच्या फ्लॅटचा सर्च कुणी घेतला होता, आणि त्यांनी तुम्हाला काय काय आणायला लावलं?' हा प्रश्न जास्त कामाचा. ज्याच्या वकिलानं काहीच आणायला लावलं नाही, त्याची शिफारस नम्रपणे बाजूला ठेवावी.

पुढे वकिलाची पारख होते ती त्याच्या शोध अहवालावर. वाईट अहवाल दीड पानाचा असतो आणि 'सदर मालमत्ता निर्वेध व निष्कंटक असून' या वाक्यावर संपतो. चांगल्या अहवालात नोंदणी कचेरीतल्या सूची दोनची वर्षं एकेक करून येतात. अमुक वर्षाचं पुस्तक फाटलेलं होतं, अमुक साली पानं नव्हती, हेही लिहिलेलं असतं, आणि ते लिहिलेलं असणं हीच त्याच्या खरेपणाची खूण. तीस वर्षांचा शोध घेतला म्हणून पावती जोडलेली असते. कोणत्या कचेऱ्यांत तो स्वतः गेला, कुठे कारकुनाला धाडलं आणि काय नुसतं वेबसाइटवर पाहिलं, हे विचारायला लाजू नये. ऑनलाइन शोध सोयीचा आहे, पण जुनी नोंद अनेकदा हातानं लिहिलेल्या वहीतच सापडते.

सूचीतही सगळं दिसतं असं नाही. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेलं कर्ज पूर्वी नोंदणी कचेरीत उमटतच नसे. महाराष्ट्रानं 2013 पासून अशा गहाणाची सूचना दाखल करणं सक्तीचं केलं. गहाणांची केंद्रीय नोंद ठेवणारी सेरसाई 2011 पासूनची. त्याआधीच्या गहाणासाठी जुना उपाय एकच : मूळ दस्त डोळ्यांनी बघणं. विक्रेता झेरॉक्सचा गठ्ठा पुढे करतो आणि म्हणतो, 'ओरिजिनल शिफ्टिंगमध्ये हरवले, पोलिसांत तक्रार दिली आहे.' इथे जाणता वकील चहा खाली ठेवतो. हरवलेले कागद कधी कधी खरंच हरवलेले असतात, आणि कधी कधी ते एखाद्या पतसंस्थेच्या तिजोरीत असतात. तेव्हा वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, हरकतींची वाट बघायची, आणि तोवर एक रुपयाही द्यायचा नाही.

नव्या इमारतीला 'रेरा आहे ना' म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी एक हिशेब करावा. रेरा कायद्याची नोंदणी 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या फ्लॅटना सक्तीची नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास 5380 चौरस फूट. जुना बंगला पाडून त्याच्या प्लॉटवर सात-आठ फ्लॅट, हा धरमपेठेतल्या पुनर्विकासाचा नेहमीचा साचा नेमका या सवलतीत बसतो. अशा ठिकाणी महारेराचा नोंदणी क्रमांक नाही म्हणजे बिल्डर लबाड असं नव्हे. पण महारेराच्या संकेतस्थळावर जे कागद आयते दिसले असते, ते सगळे आता वकिलानं मागून घ्यायचे असतात. पार्किंगबाबतही एक नोंद हवी. स्टिल्टमधली जागा स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मोफा कायद्याखालच्या नहालचंद प्रकरणात 2010 मध्येच सांगितलं. तरी पांढऱ्या पट्ट्यांचे लाखात भाव सांगितले जातात.

बेसा, हिंगणा, वर्धा रोडकडे प्लॉट घेणाऱ्यांची गोष्ट निराळी, ती सविस्तर पुन्हा कधीतरी. 'आरएल आहे का' एवढं विचारून तिथे भागत नाही. आरएल म्हणजे गुंठेवारीतल्या भूखंडाच्या नियमितीकरणाचं पत्र, मालकीचा दाखला नव्हे. एकच प्लॉट दोघांना विकण्याचे प्रकार शहरानं पुष्कळ पाहिले. 2017 मध्ये जमीन बळकावण्याच्या तक्रारींसाठी नागपूर पोलिसांना विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं. आममुखत्यारपत्रावर आणि नोटरीच्या कब्जापत्रावर प्लॉट 'घेतलेल्यांना' सूरज लॅम्प खटल्याचा 2011 चा निकाल माहीत असायला हवा : अशा कागदांनी मालकी जात नाही आणि येतही नाही.

धरमपेठेतला खरा गुंता मात्र बंगल्यांच्या वारसांचा. वडील सरकारी नोकरीत किंवा कॉलेजात होते, त्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी प्लॉट घेतला, घर बांधलं आणि मृत्युपत्र न करता गेले. दोन भावांनी आखीव पत्रिकेवर आपली नावं चढवली. बहीण बंगळुरूला किंवा न्यू जर्सीत. विकायची वेळ आली की कुणीतरी हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीचा आणि विनीता शर्मा खटल्याच्या 2020 च्या निकालाचा दाखला देतं. तो निकाल वडिलोपार्जित, सहदायकी मालमत्तेचा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासूनच आहे, आणि आई हयात असेल तर तिलाही. 2005 नं इथे केलं ते वेगळंच : भाऊ वाटणी करत नाहीत तोवर राहत्या घरात बहिणीला वाटणी मागता येत नाही, असं सांगणारं कलम 23 काढून टाकलं. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, तेव्हा पत्रिकेवर तिचं नाव नाही म्हणून तिचा हक्क गेला असं होत नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर विक्रीपत्रावर तिची सही हवी. भाऊ म्हणतात, 'ताईची काही हरकत नाही.' तिनं ते स्वतः, कागदावर सांगावं.

नॉमिनीचंही तसंच. नामनिर्देशनानं वारसा ठरत नाही. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. मृत्युपत्राच्या प्रोबेटचा धाक दाखवणारेही पुष्कळ. ती सक्ती मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांपुरती होती. नागपुरात केलेल्या मृत्युपत्रानं नागपुरातलंच घर देताना ती नव्हती.

न्यू जर्सीतली बहीण भावाला मुखत्यारपत्र पाठवते. ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत झालेलं हवं, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. इथवर बहुतेक वकील नीट सांभाळतात. चूक होते ती पैशांच्या दिवशी. 50 लाख आणि त्यावरच्या घरावर 1 टक्का कर कापायचा, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तो दर भारतात राहणाऱ्या विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी बहिणीच्या हिश्श्यावर कापायचा कर वेगळा आणि बराच जास्त असतो. तो कमी हवा असेल तर तिनं प्राप्तिकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र आणायचं असतं. ते न आणता सगळ्या भावंडांचा सरसकट 1 टक्का कापला, तर उरलेल्या रकमेची व्याजासकट मागणी पुढे घेणाऱ्याच्या नावानं येते. तेव्हा बहीण परत न्यू जर्सीत, भावांनी फोन बंद केलेला, आणि रजिस्ट्री करून देणारे वकीलसाहेब म्हणतात, 'टॅक्सचं सीएला विचारा.'