जुने लोखंडी पूल मोडीत घालावे काय?

अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या कॅलहून जिल्ह्यांत एक चमत्कारिक उद्यान आहे. इतर ठिकाणीं निकामी ठरलेले जुने लोखंडी पूल तेथें आणून पुन्हां उभारले आहेत. पुलांचा हा पांजरपोळ ऐकून कित्येकांस हंसूं येईल. आम्हांस त्यांत शहाणपण दिसतें.

त्रिकोणाच्या बाजू कायम असतां त्याचा आकार बदलत नाहीं, हें तुम्ही भूमितींत शिकलांच आहां. कैचीच्या पुलाचें सारें बळ त्यांतच आहे. १८४४ सालीं प्रॅट पितापुत्रांनीं पेटंट घेतलेल्या रचनेंत उभे दांडे दाब सोसतात व तिरपे ताण. आणि ताणास लोखंडाची बारीक कांबही पुरते. यांतील पुष्कळ पुलांचे सांधे जाड खिळींनीं जोडलेले असत. खीळ काढली कीं सांधा सुटतो. म्हणूनच आयोनिया जिल्ह्यांत ग्रँड नदीवर १८८६ सालीं बांधलेला शार्लट हायवे पूल या उद्यानांत येऊं शकला.

घोडागाडीच्या पुलावरून मालमोटर कशी न्यावी, असें कोणी विचारील. न्यावीच कशाला? १९६७ सालीं ओहायो नदीवरील सिल्व्हर पूल कोसळून ४६ माणसें दगावलीं. तो झुलता पूल होता, तथापि त्यानंतर देशभर पुलांची तपासणी सक्तीची झाली, हें योग्यच झालें. परंतु मालमोटर पेलत नाहीं म्हणून पायीं चालणारासही पूल नाकारून तो भंगाराच्या भावानें विकावा, हें कोणतें गणित? कॅलहूनच्या कारागिरांनीं तापविलेले रिव्हेट ठोकण्याची जुनी रीत पुन्हां हातीं घेतली, आणि आज त्या पुलांवरून माणसें सुखानें चालत जातात.