मोटार कोणाला चैन वाटते?

आपल्या बैठकांतून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाचे घरभाडे भरू, मुलांची फी भरू, प्रसंगी परतीचे तिकीटही काढून देऊ; परंतु गाडीसाठी मदत कशाला? गाडी ही चैन आहे, आणि एखाद्याच्या चैनीसाठी समाजाने का झिजावे? असे म्हणणारे बहुतेक बांधव बैठकीस स्वतःच्या गाडीतून आलेले असतात, एवढेच आम्ही नम्रपणे नमूद करतो. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांचा विचार मात्र आंबेडकरी अर्थविचाराशी विसंगत आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य मानतो.

मस्कतचा भूगोल आपणांस सांगावयास नको. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर मत्रा-रुवीपासून सीब-माबेलापर्यंत चाळीसेक किलोमीटर पसरले आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये मवासलातच्या शहर बसगाड्या सुरू झाल्या, त्यांचे आम्ही स्वागतच केले. परंतु बस हमरस्त्याने जाते; कामे असतात ती घालाच्या आतल्या गल्लीतील कार्यशाळांत आणि गोदामांत. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घेण्यास जेथे सरकारनेच बंदी केली आहे, तेथे थांब्यापासून पायी जाण्याचा सल्ला वातानुकूलित गाडीत बसून देणे सोपे आहे. रोज टॅक्सी करावी, तर तुटपुंज्या पगाराचा लचका तीच तोडते.

अशा कुटुंबाची कहाणी थोड्याफार फरकाने एकच असते. कंपनी डबघाईस येते, दोन-तीन महिन्यांचा पगार थकतो, मग नोकरी जाते. गाडी कंपनीची असेल तर ती परत जाते. कर्जावर घेतलेली असेल तर हाती आलेली ग्रॅच्युइटी बँकेच्या हप्त्यांत वळती होते आणि शेवटी गाडीही विकावी लागते. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट गेली. करार संपलेल्या माणसाला दुसरी नोकरी धरण्याचा मार्ग मोकळा झाला. पण नव्या नोकरीची जाहिरात पाहावी, तर विक्री प्रतिनिधी असो वा एसी दुरुस्तीचा तंत्रज्ञ, ओमानचा वाहन परवाना आणि स्वतःची गाडी हवी, अशी अट हमखास आढळते. कायद्याने दार उघडले आणि दारापर्यंत जाण्याचे साधन गेले, असा हा पेच आहे. घरभाड्याच्या मदतीने त्या कुटुंबाचा एक महिना निघतो. पुढल्या महिन्यात ते पुन्हा तिथेच.

बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तो कसणाऱ्याजवळ बैल, अवजारे आणि भांडवल किती आहे, यावर ते ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मस्कतमध्ये बेकार झालेल्या आपल्या बांधवाजवळ कसब आहे, अनुभव आहे, दोन धडधाकट हात आहेत. नाहीत ते बैल. बैलाला कोणी चैन म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या मत्र्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यातील एखाद्याचा धंदा बसला तर उसनवारीला नातेगोते असते, पेढीची पत असते. आपण येथे आलो ते एकट्याने, हातात व्हिसा आणि पदवी घेऊन. आपल्यामागे वडिलोपार्जित दुकान नाही आणि कर्ज देणारा मामा नाही. म्हणून अडलेल्या माणसामागे उभे राहणारी पेढी आपणच व्हावे लागेल.

येथील कायद्यानुसार परवानगीविना जाहीर निधी गोळा करता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तसे करू नये. मात्र ओळखीच्या चार-पाच कुटुंबांनी आपसांत मिळून एका कुटुंबाला बिनव्याजी उसने देणे, त्याचा लेखी कागद करणे, हे शक्य आहे. गाडी जुनी, लहान, तपासून घेतलेली असावी. मुल्किया वापरणाऱ्याच्याच नावे असावी. विमा भरलेला असावा. पहिला पगार हाती पडेपर्यंत हप्ता मागू नये. त्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. टॅक्सीचा व्यवसाय येथे ओमानी नागरिकांसाठी राखीव आहे. तथागतांनी सिगालाला उपदेश करताना मिळकतीचे चार भाग सांगितले, त्यांपैकी दोन उद्योगात घालण्यास सांगितले आणि चौथा संकटकाळासाठी ठेवण्यास. हे सुत्त आपण विहारात ऐकतो. रियालांच्या हिशेबात ते कधी आणणार?

आणखी एक गोष्ट. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्याने बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. टांगा देण्यास मालक तयार होता, हाकण्यास नव्हता. तेव्हा आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्या बांधवाची निष्ठा वादातीत होती. उणीव होती ती शिक्षणाची. आपल्या कित्येक भगिनी येथे पदवीधर असून घरी आहेत, कारण त्यांच्याजवळ परवाना नाही. पती बेकार होतो तेव्हा पत्नीला शिक्षिकेची वा परिचारिकेची नोकरी मिळू शकते, पण पहाटेच्या पाळीला ती जाणार कशी? प्रशिक्षकाच्या तासांचे पैसे, ड्रमची परीक्षा, मग रस्त्यावरची, आणि नापास झाल्यास पुन्हा तास. हा खर्च बेकारीत कोणाला झेपतो?

जयंतीच्या आम्ही विरोधात नाही. एप्रिलचा सोहळा व्हावा, थाटात व्हावा. परंतु हॉटेलचे सभागृह, पाहुण्यांचे विमानभाडे, शाली आणि स्मृतिचिन्हे यांवरील खर्चाला एकमताने मंजुरी देणारी सभा एका जुन्या गाडीच्या उसनवारीवर दोन तास वाद घालते, हे आम्हांस पटत नाही. येत्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जाईल, तेव्हा आम्ही दोनच प्रश्न विचारणार आहोत: या वर्षी आपल्यापैकी किती कुटुंबांची गाडी गेली, आणि किती भगिनींना परवाना मिळाला? कार्यकारिणीने उत्तरे तयार ठेवावीत.